निवडून आलेल्या माणसाचं मन: सरपंच, नगरसेवक, आमदारांच्या घरच्यांनी आणि जवळच्या कार्यकर्त्यांनी काय करावं

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा महाराष्ट्रात २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते. तीन दिवसांनी निकाल लागला आणि साडेतीन हजारांहून जास्त माणसं एका दुपारी हरली. जी जिंकली त्यांच्या दारात दुसऱ्या दिवसापासून कामं घेऊन येणाऱ्यांची रांग लागली. हरलेल्यांचं पुढे काय झालं आणि जिंकलेल्यांची झोप कशी आहे, हे दोन्ही प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही.

हा लेख नेत्यांपेक्षा त्यांच्या आजूबाजूच्या माणसांसाठी आहे: घरच्यांसाठी, स्वीय सहायकासाठी, गाडीच्या चालकासाठी, पंधरा वर्षं सावलीसारखा सोबत असलेल्या कार्यकर्त्यासाठी, तालुकाध्यक्षासाठी. कारण निवडून आलेला माणूस स्वतःहून "मला त्रास होतोय" असं म्हणेल, ही अपेक्षा धरून चालत नाही. लोकांसमोर खंबीर दिसणं हा त्याच्या कामाचाच भाग झालेला असतो. माझा भर मुद्दाम खालच्या पातळीवर आहे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. आमदाराकडे निदान फोन उचलायला माणूस असतो. सरपंचाचा फोन सरपंचच उचलतो, तोही जेवताना.

"राजकारणात यायचं तर कातडी जाड हवी" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरं वाटायला लागलं आहे. मला ते मान्य नाही. ज्याची कातडी जाड होते, त्याला शिव्या लागत नाहीत हे ठीक. पण मग पाण्याच्या टँकरसाठी आलेल्या बाईचं रडणंही त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपल्याला लोकांचं दुःख लागणारी माणसं निवडून यायला हवी असतील, तर ते लागल्यानंतर त्यांना सावरायची व्यवस्थाही आपणच उभी करायला हवी.

पायरी १: ताण कुठून येतोय ते कागदावर काढा

"कामाचा ताण आहे" एवढ्यावर थांबू नका. त्यात किमान चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा असतो.

पहिली, कायम उपलब्ध असण्याची सक्ती. लग्न, साखरपुडा, बारसं, मयत, दहावा, मंडळाची आरती, क्रिकेटच्या सामन्यांचं उद्घाटन. एका ठिकाणी गेलं नाही तर "आता मोठे झाले" असं ऐकावं लागतं.

दुसरी, अपेक्षा आणि अधिकार यांच्यातलं अंतर. लोकांना वाटतं सरपंचाच्या सहीनं रस्ता होतो. प्रत्यक्षात वित्त आयोगाचा निधी आराखड्याप्रमाणेच खर्च करावा लागतो, अंदाजपत्रक बांधकाम विभागाकडून येतं, फाईल गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर असते, आणि शिवी मात्र सरपंचाला पडते. हातात नसलेल्या गोष्टीचा जाब रोज द्यावा लागणं माणसाला आतून पोखरतं. मला विचाराल तर खालच्या पातळीवरच्या ताणाचं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण आहे.

तिसरी, पैसा. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं सरपंचांचं मानधन दुप्पट केलं. तरी दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ते महिना ६ हजार रुपये होतं. एवढ्यात डिझेल, चहापाणी, वर्गणी काहीच भागत नाही. निवडणुकीसाठी काढलेलं कर्ज असेल तर ते घरी पूर्ण सांगितलेलं नसतं.

चौथी, खुर्ची जाण्याची धास्ती: अविश्वास ठराव, अपात्रतेचा अर्ज, जात पडताळणी, माहितीच्या अधिकाराखाली एकामागून एक येणारे अर्ज. आणि पाचवी, जिवाची भीती. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्यानंतर एखादा सरपंच "धमकी आली" म्हणाला, तर त्याला "मनाचे खेळ आहेत" म्हणू नका. आधी लेखी तक्रार, मग मन.

एका रविवारी घरातल्या एकानं सोबत बसून ही यादी करावी आणि प्रत्येक ओळीपुढे "आपल्या हातात" किंवा "आपल्या हातात नाही" असं लिहावं. त्यातून ताण लगेच कमी होत नाही, पण धुक्यासारखी पसरलेली काळजी सुटी-सुटी होते. कर्जाच्या ओळीपुढे रक्कम लिहा. हा आकडा नवरा-बायको दोघांनाही माहीत असणं, हीच पुढच्या सगळ्या पायऱ्यांची तयारी आहे.

पायरी २: बदल टिपा

नेत्यातला बदल सर्वांत आधी चालकाला कळतो, मग घरच्यांना, शेवटी कार्यकर्त्यांना. व्यासपीठावर तो नेहमीसारखाच दिसतो. म्हणून व्यासपीठावरून अंदाज बांधू नका, गाडीचं दार बंद झाल्यानंतरचं पाहा.

काय पाहायचं? पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. सहीचे कागद साचायला लागतात. साधा निर्णयही तीन जणांना विचारल्याशिवाय होत नाही. पूर्वी जो हसण्यावारी नेत असे, त्या टीकेवर रात्री दोन वाजता उत्तर टाइप करत बसतो. चालकावर, शिपायावर, मुलांवर ओरडणं वाढतं. तंबाखू, गुटखा, दारू वाढते. "दौऱ्यात घ्यावीच लागते" हे कारण ऐकू येतं. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या येऊ लागतात. काहींच्या बाबतीत उलटं दिसतं: गर्दी नसली की अस्वस्थता, घरात एकटं बसवत नाही, रात्री बारालाही "चला, चक्कर मारून येऊ".

निवडणुकीच्या धामधुमीत यातलं बरंच काही आठ दिवस दिसेल आणि जाईल. पण उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर तो नुसता थकवा समजू नका. डॉक्टरही नैराश्याचा विचार करताना दोन आठवड्यांची हीच मर्यादा धरतात. छातीत धडधड, ॲसिडिटी, डोकं दुखणं यांसाठी तपासण्या झाल्या, सगळं "नॉर्मल" आलं, आणि तरी त्रास आहे, हीसुद्धा खूण आहे. आपल्याकडे मनाचं दुखणं बहुतेक वेळा पोटातून आणि छातीतूनच बोलतं.

पायरी ३: दिवसाला कुंपण घाला

हे काम सर्वांत निरस वाटेल आणि सर्वांत जास्त उपयोगी पडेल.

लोकांना भेटण्याची वेळ ठरवा आणि फलकावर लिहून लावा. समजा सकाळी साडेआठ ते साडेदहा, कार्यालयात, घरी नाही. पहिले दोन महिने लोक नावं ठेवतील. त्यानंतर त्यांना सवय होते, कारण ठरलेल्या वेळी माणूस नक्की भेटतो हे त्यांच्याही सोयीचं असतं. वेळ न पाळता दिवसभर "येतो, येतो" म्हणणाऱ्यापेक्षा दोन तास खुर्चीत बसणारा लोकांना पुढे जास्त आवडतो.

भेटायला आलेल्या प्रत्येकाचं नाव, काम आणि पुढे काय केलं हे एका नोंदवहीत एका ओळीत लिहा. सरपंच एकटा असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीनं किंवा एखाद्या तरुण सदस्यानं हे करावं. डोक्यात चाळीस कामं घेऊन झोपायला जाणं आणि ती वहीत आहेत हे माहीत असून झोपायला जाणं, यात फार फरक असतो. पुढे कुणी "काहीच केलं नाही" म्हणालं, की वही उघडता येते.

समारंभांचं गणित वेगळं करा. मयतीला आणि दवाखान्यात स्वतः जायचं. लग्नाला घरातल्या कुणी एकानं. उद्घाटनं आणि वाढदिवस सहकाऱ्यांत वाटून. लोक लग्नातली गैरहजेरी विसरतात, मयतीतली विसरत नाहीत, एवढं साधं निरीक्षण इथे उपयोगी पडतं. उपसरपंचाला, शेजारच्या प्रभागातल्या सहकाऱ्याला पाठवायला जड जातं, कारण "तो पुढे गेला तर?" ही भीती असते. ती भीती बोलून दाखवा, दडवू नका. पण एकट्यानं सगळीकडे पळण्याची किंमत त्याहून जास्त आहे.

रात्री साडेदहानंतर फोन दुसऱ्याकडे. घरातला एक जण किंवा एक कार्यकर्ता आळीपाळीनं तो सांभाळेल. त्याला ठरवून द्या: अपघात, बाळंतपण, आग, मारामारी, मृत्यू असेल तरच उठवायचं, बाकी सगळं वहीत. रात्रीच्या दौऱ्यानंतर झोप न झालेल्या चालकाला पहाटे पुन्हा गाडीवर बसवू नका. आणि आठवड्यातली एक दुपार अशी ठेवा, जिच्यात पक्षाचा, गावाचा, कामाचा माणूस येणार नाही. शेतावर जायचं असेल तर शेतावर, देवळात जायचं असेल तर देवळात, पण कार्यकर्त्यांशिवाय.

पायरी ४: मोबाइलची राखण

गावाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे आता चावडीचं काम करतात, फक्त चावडी रात्री उठत असे आणि ग्रुप उठत नाहीत. इथे कार्यकर्त्यांकडून एक चूक प्रेमापोटी होते: प्रत्येक वाईट पोस्टचा स्क्रीनशॉट काढून साहेबांना पाठवणं. "बघा काय लिहिलंय." ही निष्ठा नाही. तुमच्याच हातानं तुम्ही त्यांना दिवसातून दहा वेळा दगड मारताय.

टीका वाचायचं काम एकाकडे द्या. त्यानं दिवसातून एकदा तीन भाग करावेत. खरी तक्रार, म्हणजे दिवे बंद आहेत, गटार तुंबलंय: ती वहीत जाते. नुसती शेरेबाजी: ती कुणालाच पाठवायची नाही. धमकी, अश्लील मजकूर, बदललेले फोटो: यावर कारवाई. पुसून टाकण्याआधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, खात्याची किंवा पोस्टची लिंक आणि पाठवणाऱ्याचा नंबर जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१, पाठलागासाठी ७८ आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव यांसाठी ७९ आहे. बाईचा ऑनलाइन माग काढणंही पाठलागातच येतं. तक्रार द्यायला तिला एकटीला पाठवू नका.

पायरी ५: काही मागायला न येणारा एक माणूस

नेत्याभोवती सतत पन्नास माणसं असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं: ठेका, बदली, तिकीट, फोटो. त्यामुळे मनातलं बोलायला एकही उरत नाही. जुना वर्गमित्र, शाळेतले मास्तर, बहीण, दुसऱ्या जिल्ह्यातला सरपंच, असा एक माणूस शोधा ज्याला त्याच्याकडून काहीच नको आहे आणि जो आठवड्यातून एकदा तासभर देईल. दुसऱ्या जिल्ह्यातला सरपंच मला सर्वांत योग्य वाटतो: काम तेच, स्पर्धा नाही. यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षणांत अशा ओळखी होतात. नंबर घेऊन नुसते "शुभ सकाळ" पाठवत बसण्यापेक्षा त्यांचा हा उपयोग करा.

बोलायला सुरुवात कशी करायची, यावर बरेच जण अडतात. निदान सांगू नका, दिसलेलं सांगा. "दादा, तुम्हाला डिप्रेशन आलंय" याऐवजी "दादा, महिनाभर बघतोय, तुम्ही रात्रीचे झोपत नाही आणि परवा ग्रामसभेत बोलता बोलता थांबलात. काय चाललंय?" मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल. पहिल्यांदा "काही नाही रे" येईल. चार दिवसांनी पुन्हा विचारा. गाडीत विचारणं सोपं जातं, कारण दोघंही समोर रस्त्याकडे पाहत असतात.

काय बोलू नये? "लोकांचं बघा, त्यांचे किती हाल." "तुम्हीच असे खचलात तर आमचं काय?" "देवाचं करा, सगळं ठीक होईल." यातलं दुसरं वाक्य सर्वांत घातक आहे. त्यातून माणसाला कळतं की त्याच्या खचण्याचीही जबाबदारी त्याच्यावरच आहे. आणि ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. गटबाजीच्या राजकारणात एक वाक्य फुटलं तर तो माणूस पुन्हा कधीच कुणापाशी बोलणार नाही.

पायरी ६: डॉक्टरांकडे जाणं

सगळं इथे येऊन अडतं. "गावात कळलं तर?" "विरोधक वेडा ठरवतील." "पद जाईल." या तिन्ही भीतींना एकेक करून उत्तर द्यावं लागतं.

पद जाण्याचं आधी घेऊ. संविधानाच्या अनुच्छेद १०२ आणि १९१ नुसार खासदार किंवा आमदार मनोविकल (म्हणजे कायद्याच्या भाषेत मन ठिकाणावर नसलेला) असल्याचं सक्षम न्यायालयानं घोषित केलं, तरच त्या कारणानं अपात्रता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं, गोळ्या घेणं, समुपदेशन घेणं यातलं काहीही त्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ३ तर स्पष्टच सांगतं की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस मनोविकल ठरत नाही. हे वाक्य साहेबांना वाचून दाखवा. त्यांच्या ओळखीच्या वकिलाकडून दाखवलंत तर आणखी चांगलं.

गुप्ततेचं: त्याच कायद्याच्या कलम २३ नं उपचार घेणाऱ्याला माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे, आणि कलम २४ प्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. तरीही व्यवहार म्हणून तालुक्याच्या गावाऐवजी दुसऱ्या जिल्ह्यातला डॉक्टर निवडा, सोबत एकच माणूस न्या, गाडीवरची पदाची पाटी काढून ठेवा. यात लपवाछपवी वाटून घ्यायचं कारण नाही. आपल्या दुखण्याची बातमी कुणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

पहिलं पाऊल सर्वांत सोपं हवं असेल तर टेली मानस: १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी १९९० पासून काम करणारी संस्था बऱ्याच मराठी वाचकांना माहीत असेल. झोप, भूक, काम कोलमडलं असेल किंवा मरणाचे विचार असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. माणूस कामं करतोय पण आत गुंता आहे, तर मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशकापासून सुरुवात चालेल. औषधं सुरू झाली तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. तिसऱ्याच दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करू नयेत, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

रजेचं काय? सरपंच आजारी असेल तर उपसरपंच काम पाहू शकतो, पण रजा लेखी मागा आणि ठरावात नोंदवा. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं तर ग्रामपंचायतीचं सदस्यत्व धोक्यात येतं. विधिमंडळात ही मर्यादा साठ दिवसांची आहे. कागद नीट असेल तर दोन-तीन आठवड्यांची विश्रांती सहज घेता येते.

आणि लोक काय म्हणतील? इथे बाहेरच्या दोन घटना सांगण्यासारख्या आहेत. १९७२ मध्ये अमेरिकेत थॉमस ईगलटन यांना डेमोक्रॅटिक पक्षानं उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. पूर्वी नैराश्यासाठी रुग्णालयात विजेचे उपचार घेतल्याचं बाहेर आलं आणि अठराव्या दिवशी त्यांना माघार घ्यावी लागली. ही गोष्ट भीती दाखवायला नेहमी सांगतात. पुढचा भाग मात्र सांगत नाहीत: मिसुरी राज्यातल्या मतदारांनी त्यांना १९७४ आणि १९८० मध्ये पुन्हा सिनेटवर निवडून दिलं. म्हणजे पक्ष घाबरला, मतदार नाही. दुसरी घटना नॉर्वेची. ऑगस्ट १९९८ मध्ये पंतप्रधान क्येल मॅग्ने बोंदेविक यांनी नैराश्यामुळे रजा घेत असल्याचं उघडपणे जाहीर केलं. तीनेक आठवड्यांनी ते कामावर परतले, आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले.

आपल्याकडे उघडपणे सांगा, असा माझा आग्रह नाही. गाव वेगळं, परिस्थिती वेगळी. उपचार मात्र घ्या. जाहीर करायचं की नाही हा प्रश्न नंतरचा आणि सर्वस्वी त्या माणसाचा.

पायरी ७: ताईंसाठी वेगळा विचार

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. म्हणजे गावातल्या आणि शहरातल्या निम्म्या खुर्च्या ताईंच्या आहेत आणि त्यांचा ताण दुपटीचा आहे. सकाळी स्वयंपाक, अकराला मासिक सभा, दुपारी पंचायत समिती, संध्याकाळी पुन्हा चूल. सभेत ग्रामपंचायत अधिकारी पतीकडे बघून बोलतो. काही गावांत झेंडावंदनही दुसऱ्याच कुणाकडून उरकलं जातं. विरोध कामाला नसतो, चारित्र्याला असतो: "रात्री कुणाच्या गाडीत आली?"

नवऱ्यानं, दिरानं, सासऱ्यानं काय करायचं? सही तिची, तर वाचनही तिचं. कागद घरी आणून समजावून सांगा, पण तिच्या वतीनं बोलायला सभेत जाऊ नका. ज्या सभेत तुम्ही तिच्याऐवजी बोलता, त्या सभेनंतर गावाला ती आणखी लहान दिसते आणि तिला स्वतःलाही. घरातलं काम आधी वाटून द्या; ज्या दिवशी ग्रामसभा त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्याकडे, असा साधा नियम करा. चारित्र्यावर बोललं गेलं तर घरानं पहिल्याच दिवशी, चारचौघांत, तिच्या बाजूनं उभं राहायचं. इथे घराचं गप्प राहणं तिला त्या शिवीपेक्षा जास्त लागतं.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ती नुसत्या सह्यांपुरती न घेता खरी घेतली, तर तीस-चाळीस बायकांचं बळ घेऊन ताई ग्रामसभेत जाते. तालुक्यातल्या सात-आठ महिला सरपंचांनी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी भेटावं, नवऱ्यांशिवाय. अविश्वास ठरावाची नोटीस आली की काय करायचं हे आधी अनुभवलेली बाई जेवढ्या धीरानं सांगते, तेवढं कुणी सांगत नाही.

पायरी ८: मरणाची भाषा आली तर

"आता सुटलो तर बरं", "माझ्यामागे मुलांचं बघा", जुनी देणी-घेणी अचानक मिटवणं, वस्तू वाटून देणं, खूप दिवसांच्या घालमेलीनंतर एकदम शांत होणं. असं काही दिसलं तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं, साठवलेल्या गोळ्या, परवान्याचं शस्त्र त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा. १४४१६ ला फोन लावा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८, किंवा थेट जवळचं रुग्णालय. बदनामीचा विचार नंतर. त्या रात्री गुप्तता पाळण्याचं वचन दिलं असलं तरी ते मोडा.

पायरी ९: पराभवानंतर, आणि मुदत संपल्यावर

मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले. निवडणूक न हरताच हजारो माणसं "माजी" झाली. लोक कामं घेऊन येतच राहिले आणि हातात सही नव्हती. पराभवाचं किमान एक कारण सांगता येतं; ही अवस्था त्याहून विचित्र होती.

निकालानंतरचे पहिले दहा दिवस घरात दोन-तीन माणसं नक्की असू द्या, पण गर्दी नको. "ईव्हीएम, गद्दारी, पैसा" यांची चर्चा घरात नको. कुणी कुठे दगा दिला याचे बूथनिहाय आकडे पहिल्या महिन्यात उघडू नका. ते आकडे लागतात, पण झोप परत आल्यानंतर. पंधराव्या दिवसाच्या आसपास सर्वांत कठीण काळ येतो, असं मला वाटतं: सांत्वनाला येणारे थांबतात, फोन वाजत नाही, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून नाव गेलेलं असतं. कार्यकर्त्यांनी भेटीच्या पाळ्या लावायच्या त्या तेव्हा, पहिल्या दिवशी नाही.

कर्जाचं लगेच बोला. कुणाकुणाचं देणं आहे त्याची यादी, व्याज, काय विकावं लागेल आणि काय अजिबात विकायचं नाही, हे घरातल्या मोठ्यांना आणि एका हिशेबी माणसाला घेऊन महिन्याच्या आत लिहून काढा. खासगी सावकाराचं देणं आधी. मुलांनाही वयाप्रमाणे सांगा. शाळेत त्यांना कुणीतरी बोलणारच असतं.

मग जुन्या कामाकडे परत: शेती, दुकान, वकिली, शिकवणी. ज्यानं पदावर असताना स्वतःचा धंदा पूर्ण सोडलेला नसतो, तो पराभवातून लवकर उभा राहतो. म्हणून ही पायरी खरं तर जिंकलेल्यांनीही आत्ताच वाचावी. आठवड्यातला एक दिवस दुकानात बसा, पेरणीला स्वतः उभे राहा.

तालुकाध्यक्ष आणि जिल्हाध्यक्ष हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी तीनच कामं. उमेदवारी देताना खर्चाचा खरा आकडा घरच्यांसमोर बोला. प्रशिक्षण शिबिरात भाषणकलेबरोबर एक तास मानसोपचारतज्ज्ञाला द्या आणि १४४१६ हा नंबर फलकावर लावा. आणि निकालाच्या तिसऱ्या आठवड्यात हरलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या घरी, फोटो न काढता, स्वतः जा.